एकच स्थिती, दोन निकाल: ऑनलाइन बुद्धिबळात नियम कुठे बदलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. तेरा वर्षांची मुलगी दोन वर्षं फक्त ऑनलाइन बुद्धिबळ खेळते. तिच्याकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी होती, समोरच्याकडे राजा आणि एक घोडा, आणि तिची वेळ संपली. एका साइटवर डाव बरोबरीत सुटला. काही दिवसांनी दुसऱ्या साइटवर जवळजवळ तशाच स्थितीत वेळ संपली आणि ती हरली. मग गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा हॉलमधल्या स्पर्धेत बसली, तिथे एका डावात एकच स्थिती तीनदा आली तरी बरोबरी मिळाली नाही. घरी येऊन रडली. वडील विचारतात, यातले खरे नियम कोणते? आणि ती क्रेझीहाऊस, ॲटॉमिक असले नियम बदललेले बुद्धिबळाचे प्रकार तासन् तास खेळते, त्यानं खेळ बिघडेल का?

मी वीसेक वर्षं स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहतो आणि मुलांना शिकवतो. हल्ली शिकायला येणारी बहुतेक मुलं आधी पडद्यावर खेळलेली असतात आणि मग पटावर येतात, त्यामुळे हा प्रश्न मला दर सुट्टीत कुणी ना कुणी विचारतं. उत्तर लांब आहे, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न आहेत.

आधी घोड्याचं. तुमची लेक जिथे हरली, तिथला निकाल फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमाला धरून आहे. फिडेचा नियम सांगतो की वेळ संपली तर डाव गेला. अपवाद एकच: समोरच्याला कुठल्याही कायदेशीर चालींनी, अगदी तुम्ही मूर्खासारख्या चाली केल्या तरीही, तुमच्या राजावर मात करणं शक्य नसेल तर बरोबरी. यातला ‘कुठल्याही’ हा शब्द महत्त्वाचा. मात सक्तीनं करता येते का, हे फिडे विचारत नाही. मात होऊ शकते का, एवढंच विचारते.

एकट्या घोड्यानं मात कशी होईल, असं कुणालाही वाटेल. पट काढा आणि मांडून बघा (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या 1 ते 8). काळा राजा ए1 वर, काळं प्यादं ए2 वर, पांढरा राजा सी1 वर, पांढरा घोडा डी4 वर. चाल पांढऱ्याची. घोडा बी3 वर आला की शह, आणि काळ्या राजाला हलायला एकही घर नाही. ए2 वर त्याचंच प्यादं बसलंय, बी1 आणि बी2 पांढऱ्या राजानं धरलीत. मात. आता त्या प्याद्याच्या जागी काळा हत्ती ठेवा. तरीही मात, कारण ए2 वरचा हत्ती बी3 पर्यंत पोचत नाही. मग हत्ती उचलून तिथे वजीर ठेवा. वजीर तिरका जाऊन घोडा मारतो, मात नाही. घोड्यासमोर राजाबरोबर फक्त एक वजीर असेल तर घोडेवाल्याला मात करताच येत नाही, पट कसाही मांडा. म्हणजे फिडेच्या नियमात वेळ संपली तेव्हा तुमच्याकडे एकटा हत्ती असला तर तुम्ही हरता, आणि त्याहून मोठा एकटा वजीर असला तर डाव बरोबरीत सुटतो. मुलांना हे दाखवलं की ती पाच मिनिटं गप्प बसून पटाकडे बघतात. मला तो क्षण फार आवडतो. आपलाच मोहरा आपल्याच राजाची वाट अडवतो हे त्यांना तेव्हा नीट कळतं.

मग पहिल्या साइटवर बरोबरी कशी झाली? अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाचा नियम वेगळा आहे. समोरच्याकडे फक्त राजा, किंवा राजा आणि एक घोडा, किंवा राजा आणि एक उंट असेल, आणि त्याला सक्तीनं जिंकता येत नसेल, तर वेळ संपली तरी बरोबरी. चेस डॉट कॉम या साइटनं या धाटणीचा, मोहऱ्यांची मोजदाद करणारा नियम घेतला आहे. लीचेस ही दुसरी मोठी साइट फिडेच्या बाजूनं जाते. तुमच्या मुलीचे दोन निकाल बहुधा यातूनच आले. दोन्ही ठिकाणी कुणी चूक केली नाही, दोन वेगळ्या संस्थांच्या नियमपुस्तकांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

माझं मत विचाराल तर मला फिडेचा नियम जास्त पटतो. घड्याळ हाही डावाचा भाग आहे. समोरच्यानं वेळ जपून वापरली आणि तुम्ही उधळली, तर त्याच्याकडे मातेची एक शक्यता शिल्लक असताना त्याला अर्धाच गुण का द्यायचा? पण तीन मिनिटांच्या डावात हत्ती हातात असलेल्या मुलीला एकट्या घोड्यापुढे हरवणं क्रूर वाटतं, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणंही मला समजतं. अमेरिकन नियम त्या भावनेतून आलाय.

सर्व्हरची, म्हणजे साइट चालवणाऱ्या यंत्राची, स्वतःचीही एक अडचण असते. ‘कुठल्याही चालींनी मात शक्य आहे का’ हे तपासणं माणसाला अनेकदा सोपं आणि यंत्राला अवघड जातं. दोन्ही बाजूंची प्यादी एकमेकांना भिडून पटभर भिंत झाली आहे, कुणाचा राजा पलीकडे जाऊच शकत नाही, मारायला काही नाही, अशी स्थिती पंच एका नजरेत ओळखतो: मेलेला डाव, बरोबरी. बहुतेक सर्व्हर मात्र मोहरे मोजतात. पटावर प्यादी आहेत, प्याद्याचा वजीर होऊ शकतो, म्हणून मात ‘शक्य’ आहे असं धरतात आणि वेळ संपलेल्याला हरवतात. हा डाव पटावर बरोबरीतच गेला असता.

आता तीनदा आलेल्या स्थितीचं. इथे तुमच्या मुलीनं चूक केली, आणि ती तिची एकटीची चूक नाही.

फिडेच्या नियमात तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की डाव आपोआप संपत नाही. ज्याची चाल आहे त्यानं मागणी करावी लागते. चेस डॉट कॉमवर तिसऱ्यांदा आली की यंत्र स्वतःच बरोबरी जाहीर करतं. लीचेसवर तिसऱ्या वेळी मागणीचं बटण मिळतं आणि पाचव्या वेळी डाव आपोआप संपतो. पाचव्या वेळी आपोआप बरोबरी हा नियम फिडेनंही 2014 पासून घेतला आहे. पन्नास चालींच्या नियमाचंही तसंच: पन्नास चाली प्यादं न हलता आणि काही न मरता झाल्या की मागणी करता येते, पंचाहत्तर झाल्या की पंच स्वतः डाव थांबवतो.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या सभागृहात मी पंच होतो. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा हरणारा डाव छान वाचवत होता. वजीर मागेपुढे नेऊन शह, शह, शह. स्थिती तिसऱ्यांदा आली आणि तो हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसला. मी काहीतरी बोलेन याची वाट पाहत होता. मला बोलायची परवानगी नाही. त्याचं घड्याळ चालूच होतं. शेवटी गोंधळून त्यानं वेगळीच चाल केली आणि हरला. डाव संपल्यावर मी त्याला सगळं समजावलं, पण त्याला न्याय मिळाला नाही असंच वाटत राहिलं असणार. तुमच्या मुलीचं वर्णन वाचताना तो मुलगा आठवला.

मागणीची पद्धत लेकीला एकदा नीट शिकवा. स्थिती तिच्या पुढच्या चालीनं तिसऱ्यांदा येणार असेल, तर चाल पटावर करायची नाही. ती कागदावर लिहायची, पंचाला हात करून बोलवायचं आणि सांगायचं, ‘ही चाल करणार आहे, स्थिती तिसऱ्यांदा येते, मी बरोबरी मागते.’ समोरच्याच्या चालीनं स्थिती आत्ताच तिसऱ्यांदा आली असेल, तर काहीही हलवायच्या आधी मागायचं. मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता हक्क गेला. मागणी चुकीची ठरली तर समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, म्हणून कागदावरच्या चाली स्वच्छ लिहिलेल्या हव्यात. आणखी एक गोष्ट मोठेही विसरतात: तिन्ही वेळा सलग यायला हवं असं काही नाही. फक्त तिन्ही वेळा चाल त्याच खेळाडूची असावी आणि कॅसलिंगचे (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचे) आणि एन पासाँचे (दोन घरं पुढे आलेलं प्यादं बाजूच्या प्याद्यानं मारण्याचे) हक्क तेच असावेत.

माझ्या दृष्टीनं या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ऑनलाइन आणि पटावरच्या खेळातले बहुतेक फरक खेळाचे नाहीतच. निकाल कोण सांगतो, याचे ते फरक आहेत. पटावर काही गोष्टी खेळाडूनं मागायच्या असतात आणि काही पंचानं बघायच्या असतात. पडद्यावर ही दोन्ही कामं यंत्रच करतं. दोन वर्षं यंत्राच्या सोबतीनं खेळलेल्या मुलीला आपण काय काय यंत्रावर सोडलंय याची यादी कधी कुणी दिलेली नसते. पटावर ती यादी एकेक करून समोर येते, आणि प्रत्येक वेळी गुण घेऊन जाते.

शह घ्या. पडद्यावर राजा शहात असला की त्याचं घर लाल होतं आणि चुकीची चाल यंत्र करूच देत नाही. पटावर शह न पाहता दुसरीच चाल केली तर ती बेकायदेशीर चाल. पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जास्त, ब्लिट्झमध्ये, म्हणजे अगदी झटपट डावात, एक मिनिट, आणि दुसऱ्या वेळी डाव गेला. रॅपिड (ब्लिट्झहून लांब, पण तरीही वेगवान डाव) आणि ब्लिट्झमध्ये आणखी एक गंमत आहे. समोरच्यानं बेकायदेशीर चाल केली, पंचाचं लक्ष नव्हतं आणि तुम्ही पुढची चाल केली, तर ती चूक तशीच पटावर राहते. मुलं मग ‘पण सर, ते चालतच नाही ना!’ म्हणून येतात. चालत नाही हे खरं, पण ते तुम्ही त्याच वेळी सांगायला हवं होतं.

प्याद्याच्या बढतीतही असंच होतं. ऑनलाइन बऱ्याच मुलांनी प्यादं शेवटच्या रांगेत गेलं की आपोआप वजीर व्हावा अशी सोय चालू ठेवलेली असते. पटावर मूल प्यादं आठव्या रांगेत ढकलतं, ताठ मानेनं घड्याळ दाबतं, आणि वजीर आणायचा राहतो. नियमानं ही बेकायदेशीर चाल. प्याद्याचा वजीर होतो खरा, पण दंड बसतो. वजिराऐवजी घोडा हवा होता असं नंतर म्हणता येत नाही. हातात दुसरा वजीर नसेल म्हणून काही जण हत्ती उलटा ठेवतात. तो उलटा ठेवलेला हत्तीच धरला जातो. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचाकडे वजीर मागायचा. हा हक्क सगळ्यांना आहे आणि तो वापरायला मुलं उगाच लाजतात.

हात लावला की चालायचं, हा नियम ऑनलाइन नाही. पडद्यावर मोहरा उचलून परत ठेवता येतो. पटावर मोहरा नीट करायचा असेल तर आधी ‘ॲडजस्ट करतो’ म्हणायचं. कॅसलिंग करताना आधी राजाला हात लावायचा. आधी हत्तीला लावला तर त्या बाजूचं कॅसलिंग त्या चालीत गेलं. सगळं एकाच हातानं करायचं आणि त्याच हातानं घड्याळ दाबायचं. हे सगळं दोन संध्याकाळी अंगवळणी पडतं, फक्त कुणीतरी समोर बसून चिडका पंच व्हायला हवं. तुम्हीच व्हा.

वेळ संपली हेही पटावर कुणीतरी पाहावं लागतं, पंचानं किंवा खेळाडूनं. बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा तर आधी चाल करायची, मग बोलायचं, मग घड्याळ दाबायचं. ऑनलाइन बटण केव्हाही दाबता येतं.

प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची चाल होण्याआधीच आपली चाल ठरवून ठेवणं, पटावर अर्थातच नाही. पण साइट-साइटमध्येही फरक आहे. लीचेसवर प्रीमूव्हला वेळ शून्य लागते, चेस डॉट कॉमवर प्रत्येक प्रीमूव्हला सेकंदाचा दहावा भाग कापला जातो. एका मिनिटाच्या डावात शेवटच्या दोन सेकंदांत हा फरक डाव फिरवतो. आणि रॅपिड, ब्लिट्झ या शब्दांना फसू नका. फिडेत डावाची मूळ वेळ आणि दर चालीला मिळणाऱ्या जादा सेकंदांची साठ पट मिळून दहा मिनिटं किंवा कमी असेल तर तो ब्लिट्झ. ऑनलाइन दहा मिनिटांचा डाव रॅपिडमध्ये धरतात. लीचेस तर साठऐवजी चाळीस चाली धरून हिशोब करतं. तुमच्या मुलीचं ऑनलाइन रॅपिडचं रेटिंग म्हणजे फिडेच्या भाषेत बऱ्याच प्रमाणात ब्लिट्झचं रेटिंग असू शकतं. ते हॉलमधल्या क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांच्या, रेटिंगशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

इंटरनेट तुटलं तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण ऑनलाइन खेळाचा हा सगळ्यात नाजूक नियम आहे, म्हणून थोडं थांबतो. साध्या डावात नियम सोपा असतो. घड्याळ चालत राहतं, आणि समोरचा गायब झाला तर काही वेळानं तुम्हाला विजय मागता येतो. पण स्पर्धेत? 30 ऑगस्ट 2020 ला फिडेच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडचा भारत आणि रशिया असा अंतिम सामना होता. आपल्या संघाचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. पहिली फेरी 3-3 अशी बरोबरीत. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं आणि दोघांचे डाव वेळेवर गेले. त्या दिवशी इंटरनेटचा मोठा बिघाड जगभर झाला होता. भारतानं अपील केलं आणि फिडेच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाचा खेळाडू भारताविरुद्धच खेळताना तुटला होता. त्यांचं अपील फेटाळलं गेलं आणि त्यांनी स्पर्धा सोडली.

या दोन निर्णयांवर तेव्हा खूप वाद झाला. मी भारतीय आहे, पदकाचा आनंद झाला, पण पंच म्हणून आर्मेनियाच्या खेळाडूबद्दल वाईट वाटलं, अजूनही वाटतं. एका खेळाडूचं घरचं इंटरनेट गेलं तर ती त्याची जबाबदारी, आणि जगभर बिघाड झाला तर ती कुणाचीच नाही, असा फरक करता येतो. पण डाव चालू असताना सर्व्हरला हा फरक कळत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की चाल आली नाही. म्हणून ऑनलाइन स्पर्धेत नाव द्यायच्या आधी त्या स्पर्धेचा तुटलेल्या कनेक्शनचा नियम वाचायचाच. किती मिनिटांपर्यंत परत येता येतं, अपील करता येतं का आणि किती वेळात, एवढं तरी.

स्पर्धेच्या पद्धतीनंही खेळ बदलतो. लीचेसच्या अरीना स्पर्धेत, म्हणजे ठरलेल्या वेळात जमतील तेवढे डाव खेळायच्या स्पर्धेत, जिंकल्यावर दोन गुण, बरोबरीला एक. सलग दोन डाव जिंकले की पुढच्या विजयांना दुप्पट गुण, साखळी तुटेपर्यंत. सुरुवातीला आपली अर्धी वेळ सोडली, ज्याला बर्सर्क म्हणतात, तर विजयाला एक गुण जास्त. पहिल्या दहा चालींतच बरोबरी केली तर कुणालाच काही नाही. या हिशोबात बचाव करत बसणं तोट्याचं ठरतं आणि धाडसाची किंमत वाढते. सहा महिने फक्त अरीना खेळलेल्या मुलाला स्विस पद्धतीच्या, म्हणजे ठरावीक फेऱ्यांत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येणाऱ्या, स्पर्धेत ओळखणं सोपं असतं. वाईट स्थितीतून अर्धा गुण काढायची चिकाटी त्याच्याकडे नसते, कारण तिथे तिची गरजच पडली नव्हती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, क्रेझीहाऊस आणि ॲटॉमिक. इथे मात्र खेळच बदलतो.

माझे आजोबा देशी बुद्धिबळ खेळायचे, आणि मी आधी तेच शिकलो. आमच्याकडे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. कॅसलिंग नव्हतं, त्याऐवजी राजाला डावात एकदा, शह बसायच्या आधी, घोड्यासारखी उडी मारता यायची. प्यादं पलीकडे पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घराचा मोहरा व्हायचं: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. समोरच्याकडे एकटा राजा उरला की डाव बुर्जी म्हणून तिथेच संपायचा. मग शाळेत विलायती नियम शिकलो. पहिले काही महिने दोन घरं जाणारं प्यादं मला फसवणुकीसारखं वाटायचं. पण त्या देशी डावांनी मला संथ मांडणी आणि प्याद्यांचं शेवटचं युद्ध शिकवलं, ते कुठे गेलं नाही. मीर सुलतान खान यांचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असायला हवं. ते देशी नियमांत वाढले, 1929 मध्ये इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले. पुढे 1932 आणि 1933 मध्येही. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवलं. सुरुवातीच्या चालींचं त्यांचं ज्ञान कच्चं होतं, त्यात जुन्या नियमांचा वाटा होताच, पण डावाच्या उत्तरार्धात ते बलाढ्य होते. म्हणून वेगळ्या नियमांनी खेळ बिघडतो असं मी कधीच म्हणणार नाही. कुठला प्रकार काय शिकवतो ते बघावं लागतं.

चेस960 तिला बिनधास्त खेळू द्या. मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठी टाकून मांडायचे, दोन उंट वेगळ्या रंगाच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, अशा 960 मांडण्या होतात. नेहमीची मांडणी त्यातलीच एक, 518 क्रमांकाची. माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी 1996 मध्ये हा प्रकार जाहीर केला. 2019 मध्ये फिडेनं त्याचं पहिलं अधिकृत जागतिक विजेतेपद घेतलं, आणि वेस्ली सो यांनी मॅग्नस कार्लसन यांना हरवून ते जिंकलं. इथे पाठ केलेल्या सुरुवाती चालत नाहीत, पहिल्या चालीपासून विचार करावा लागतो. फक्त कॅसलिंग आधी समजून घ्यायचं: राजा आणि हत्ती कुठूनही निघाले तरी शेवटी नेहमीच्या कॅसलिंगच्याच घरांत बसतात. ऑनलाइन त्यासाठी राजा आपल्याच हत्तीवर नेऊन ठेवायचा असतो. हे माहीत नसल्यानं कितीतरी मुलं कॅसलिंग न करताच डाव खेळतात.

क्रेझीहाऊसमध्ये मारलेला मोहरा आपल्या रंगाचा होऊन पुन्हा पटावर टाकता येतो. प्याद्याचा झालेला वजीर मेला तर तो प्यादं म्हणूनच परत येतो, आणि प्यादं पहिल्या किंवा आठव्या रांगेत टाकता येत नाही. शोगीत, म्हणजे जपानी बुद्धिबळात, टाकलेल्या प्याद्यानं मात करायला बंदी आहे, क्रेझीहाऊसमध्ये नाही. राजावरचा हल्ला, शहाची मालिका, मोहरा बळी देऊन पुढाकार घेणं यासाठी हा प्रकार उत्तम. धोका एकच, मोहऱ्यांची किंमत डोक्यात बदलते. इथे डावाचा उत्तरार्ध जवळजवळ येतच नाही, आणि पटावर बरेच गुण उत्तरार्धातच मिळतात.

ॲटॉमिक वेगळंच जग आहे. मारणारा आणि मरणारा दोन्ही उडतात, आणि आजूबाजूच्या आठ घरांतले प्यादी सोडून बाकी मोहरेही. लीचेसवर त्यात दोन राजे शेजारी उभे राहू शकतात, कारण एक मारला तर दुसराही उडेल. डोकं चालवायला चांगलं, पण नेहमीच्या बुद्धिबळासाठी त्यातून फारसं काही हाती लागत नाही. अँटिचेसमध्ये सगळे मोहरे गमवायचे असतात आणि मारणं सक्तीचं असतं. त्यात पांढऱ्याची पहिली चाल ई3 असेल तर पांढरा जिंकतो, हे मार्क वॉटकिन्स यांनी 2016 मध्ये गणनेनं सिद्ध केलं. त्यातही नियमांची फाटाफूट आहेच. चाल उरली नाही की लीचेसवर तो खेळाडू जिंकतो, जुन्या सर्व्हरांवर मोहरे मोजून ठरवायचे. चार जणांचं बुद्धिबळ मात्र मला मनापासून आवडतं. पट चौदा गुणिले चौदाचा, कोपरे कापलेले, 160 घरांचा. अल्-बिरुनी या विद्वानानं अकराव्या शतकात भारतातल्या चार जणांच्या, फाशांनी खेळल्या जाणाऱ्या पटाचं वर्णन केलं आहे. आज मुलं मोबाइलवर चार रंगांचे मोहरे हलवताना बघतो तेव्हा मला तो पट आठवतो.

तुमच्या मुलीसाठी मी असं सांगेन. पुढच्या स्पर्धेच्या आधी तीन आठवडे, रोज एक डाव लाकडी किंवा प्लास्टिकच्या पटावर, खऱ्या घड्याळावर, चाली लिहून. ॲटॉमिक तेवढे दिवस बंद, चेस960 आठवड्यातून दोनदा, बाकी तिची मर्जी. ऑनलाइन खेळताना आपोआप वजीर होण्याची सोय बंद करायची, आणि लीचेसवर तिसऱ्या वेळी आपोआप बरोबरी मागण्याची सोय असेल तर तीही. म्हणजे स्थिती मोजायची सवय डोक्याला लागेल. रविवारी तुम्ही समोर बसा, मुद्दाम एखादी बेकायदेशीर चाल करा आणि ती पकडते का बघा. पकडली नाही तर काही बोलू नका, डाव संपल्यावर दाखवा. आणि स्पर्धेच्या दिवशी फेरी सुरू व्हायच्या आधी तिला स्वतःला पंचाकडे पाठवा, तुम्ही जाऊ नका. तिनं एवढंच विचारायचं: बेकायदेशीर चालीला दंड काय, बरोबरी मागायची तर हात वर करायचा की घड्याळ थांबवायचं. बहुतेक पंच हसून सगळं सांगतात. मला तरी फेरीआधी येऊन विचारणारं मूल फार आवडतं.